एका हंगामाचा धावफलक

विटी-दांडूला आपल्या सुरतेत गिल्ली-दंडा म्हणतात. आमच्या कोंकणी घरात त्यालाच कोयंडो-बाल म्हणत असत. नाव कोणतेही असो, हाती लाकडाचा दांडा आला आणि समोर टोलवण्याजोगी वस्तू दिसली की मुलांचे हात स्वस्थ राहत नाहीत. दूर आयर्लंडमध्ये हर्लिंग नावाचा असाच एक फार जुना खेळ आहे. टोकाशी पसरट अशी लाकडी काठी, मुठीत मावेल एवढा चेंडू आणि प्रत्येक बाजूस पंधरा गडी. १८८७ सालापासून तेथील परगण्यांमध्ये या खेळाची अजिंक्यपदाची स्पर्धा चालत आली आहे. खेळाडूंना वेतन नाही. आपल्या परगण्याचे नाव छातीवर लावून मैदानात उतरावयाचे, एवढेच त्यांचे पारितोषिक. आपण ज्या मातीचे, तिच्या नावाने खेळू लागलो म्हणजे जय गोड लागतो हे खरे. परंतु पराजय त्याहून कितीतरी अधिक झोंबतो.

आपल्या देशात हा गोडवा आणि ही झोंबणी, दोन्ही रणजी करंडकाच्या वाट्यास आली. १९३४-३५ मध्ये सुरू झालेल्या या क्रिकेट स्पर्धेस ज्यांचे नाव दिले गेले ते रणजितसिंह काठेवाडातील नवानगरचे. काठेवाड हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे. महाराष्ट्राच्या संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोन वर्षे हा करंडक जिंकला. त्या वेळचे कर्णधार दि. ब. देवधर हे पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते. परंतु आज आम्हांस त्या विजयांविषयी लिहावयाचे नाही. आम्ही निवडला आहे तो १९४८-४९ चा हंगाम. त्यात महाराष्ट्राला करंडक मिळाला नाही. तरीही त्या हंगामाचे आकडे विक्रमांच्या पुस्तकात आजही उभे आहेत, आणि ते आकडे नीट वाचले तर त्यांतून माणसे दिसू लागतात.

प्रथम त्या वर्षाचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. आपली सुरत तेव्हा मुंबई प्रांतात होती. पुणेही त्याच प्रांतात आणि मुंबई तर राजधानीच. तथापि क्रिकेटच्या मैदानात मुंबई, महाराष्ट्र आणि गुजरात असे तीन स्वतंत्र संघ उतरत. बडोद्याचा संघ चौथा. संस्थाने विलीन होण्याचे ते दिवस होते. काठेवाडातील लहानमोठी दोनशेहून अधिक संस्थाने एकत्र करून १९४८ च्या फेब्रुवारीत संयुक्त काठेवाड राज्य स्थापन झाले. पुढे त्यालाच सौराष्ट्र म्हणू लागले. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि बडोदे १ मे १९४९ रोजी. म्हणजे ज्या प्रदेशांच्या नावाने खेळाडू खेळत होते, त्या प्रदेशांच्या सीमा त्याच महिन्यांत पुसल्या आणि नव्याने आखल्या जात होत्या. इतिहासाच्या तासाला आपण या तारखा पाठ करतो. त्या वेळी पुण्याच्या मैदानावर काय चालले होते, ते मात्र कोणी सांगत नाही.

१६ डिसेंबर १९४८ रोजी पुण्यात महाराष्ट्र आणि काठेवाड यांचा सामना सुरू झाला. काठेवाडचा पहिला डाव २३८ धावांत संपला. मग महाराष्ट्राची फलंदाजी सुरू झाली आणि ती संपेचना. भाऊसाहेब निंबाळकर हे कोल्हापूरचे. सामन्याच्या चारच दिवस आधी त्यांनी एकोणतिसावे वर्ष पुरे केले होते. त्यांनी आणि के. व्ही. भांडारकर यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागीदारी केली. दुसऱ्या गड्याच्या भागीदारीचा हा जागतिक विक्रम १९७४ पर्यंत अबाधित राहिला. भांडारकर २०५ धावा करून बाद झाले, निंबाळकर खेळतच राहिले. त्रिशतक झाले, मग चतुःशतक झाले. तिसऱ्या दिवशीच्या मधल्या सुट्टीत खेळाडू तंबूत परतले तेव्हा महाराष्ट्राची धावसंख्या ४ बाद ८२६ होती आणि निंबाळकर नाबाद ४४३ होते. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधील तोवरची सर्वोच्च खेळी ऑस्ट्रेलियाच्या डॉन ब्रॅडमनची होती. १९३० च्या जानेवारीत सिडनी येथे त्याने नाबाद ४५२ धावा केल्या होत्या. तिची बरोबरी करण्यास निंबाळकरांना केवळ नऊ धावा हव्या होत्या.

त्या नऊ धावा कधीच झाल्या नाहीत. काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी सामना सोडून दिला. महाराष्ट्राने आता डाव घोषित करावा, नाहीतर आम्ही निघालो, असे त्यांनी बजावल्याचे सांगतात. आणखी दोन षटके खेळू द्या, अशी महाराष्ट्राच्या बाजूने विनवणी झाल्याचेही सांगतात. ते काहीही असो, सुट्टी संपली तेव्हा मैदानावर गोलंदाज नव्हते, आणि गोलंदाज नसताना धावा काढण्याची सोय क्रिकेटच्या नियमांत नाही.

हा प्रसंग आम्ही इयत्ता नववीच्या एका रिकाम्या तासाला सांगितला आणि आकडे फळ्यावर लिहिले. निंबाळकर ४९४ मिनिटे फलंदाजी करीत होते. त्यांनी ४९ चौकार आणि १ षटकार मारला. एवढ्यावरून काय काय काढता येईल, असे विचारताच वर्ग कामाला लागला. चौकारांच्या १९६ आणि षटकाराच्या ६ मिळून २०२ धावा झाल्या. तेव्हा उरलेल्या २४१ धावा पळून काढलेल्या. दोन्ही बाजूंच्या यष्ट्यांमधील अंतर २२ यार्ड, म्हणजे सुमारे २०.१२ मीटर. एका मुलीने गुणाकार करून ४८४९ मीटर असे उत्तर दिले. लगेच मागच्या बाकावरून हरकत आली की फलंदाज यष्टीपासून यष्टीपर्यंत पळत नाही, रेषेपासून रेषेपर्यंत पळतो, आणि ते अंतर ५८ फूटच भरते. हरकत रास्त होती. नवा हिशेब सुमारे ४२६० मीटरांचा निघाला. पायांना पॅड बांधून, हाती बॅट घेऊन सव्वाचार किलोमीटर, आणि तेही सरळ नव्हे, दर वीस पावलांवर थबकत, वळत. जोडीदारांच्या धावांसाठी पळालेले अंतर यात धरलेलेच नाही.

मग दुसरा प्रश्न निघाला. ४९४ मिनिटांत ४४३ धावा, तर तासाला किती? सुमारे ५४. आणि नऊ धावांना किती वेळ लागला असता? वर्गातील सर्वांची उत्तरे एकाच वेळी आली: दहा मिनिटे. त्यानंतर मात्र वर्ग काही क्षण गप्प झाला. शिक्षकास अशी शांतता वर्षातून फार तर दोनदा लाभते.

ती शांतता एका मुलाने मोडली. हा मुलगा लिंबायतचा. त्याचे वडील धुळे जिल्ह्यातून येथे मागाच्या कामास आलेले. तो म्हणाला, “काठेवाडवाले भित्रे होते.” दुसऱ्या रांगेतून उत्तर आले, “सामना तर जिंकलेलाच होता. मग एवढे कशाला खेळायचे?” हा दुसरा मुलगाही मराठीच, परंतु त्याचे घर वराछाकडे, आणि गल्लीतले सगळे सवंगडी अमरेली-भावनगरकडचे. दोघांचेही म्हणणे आम्ही फळ्यावर लिहिले. कोणते खोडावे, हे आम्हांस तेव्हाही ठरवता आले नाही.

काठेवाडची बाजू समजून घेणे अवघड नाही. रणजी स्पर्धेत सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावातील आघाडीवर निकाल लागतो. २३८ ला उत्तर म्हणून महाराष्ट्राने ८२६ केल्यावर निकालाविषयी शंका उरली नव्हती. पुढची प्रत्येक धाव विजयासाठी नव्हे तर विक्रमासाठी होती, आणि तिच्यामागे धावावे लागत होते ते काठेवाडच्या क्षेत्ररक्षकांना. आपल्या संघाचे नाव जगाच्या विक्रमांच्या पुस्तकात अशा रीतीने कोरले जावे, असे कोणत्या कर्णधाराला वाटेल? त्यातही हे राज्य पुरते वर्षाचेही झालेले नव्हते. नव्या घराची अब्रू फार जपावी लागते. हे शेवटचे वाक्य मात्र आमचे अनुमान आहे, इतिहास नव्हे. परीक्षेत कोणी लिहू नये.

येथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. ब्रॅडमनचा विक्रम अखेर ११ जानेवारी १९५९ रोजी कराचीत मोडला. मोडणारा होता पाकिस्तानचा हनीफ मोहम्मद. त्याने ४९९ धावा केल्या आणि पाचशेवी धाव घेताना तो धावबाद झाला. हा हनीफ जन्माने जुनागढचा, म्हणजे काठेवाडचा. पुण्यात काठेवाडच्या संघाने जो विक्रम मोडू दिला नाही, तो पुढे काठेवाडात जन्मलेल्या एका मुलाच्याच नावावर झाला. १९९४ मध्ये वेस्ट इंडीजच्या ब्रायन लाराने नाबाद ५०१ धावा करून हनीफलाही मागे टाकले. निंबाळकरांची नाबाद ४४३ ही मात्र आजवर कोणाही भारतीयाची प्रथम श्रेणीतील सर्वोच्च खेळी आहे. आपल्या खेळीपेक्षा ही खेळी सरस होती, असे ब्रॅडमनने त्यांना पत्राने कळविले होते, असे सांगतात. एवढे असून निंबाळकरांना एकही कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ते निवर्तले.

त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ भारताच्या दौऱ्यावर होता. १९४९ च्या फेब्रुवारीत मुंबईला शेवटचा कसोटी सामना झाला. भारताला विजयासाठी ३६१ धावा हव्या होत्या. विजय हजारे यांनी शतक केले; परंतु धावफलकावर ८ बाद ३५५ असताना वेळ संपली. सहा धावा कमी पडल्या. त्या वेळी खेळपट्टीवर नाबाद उभे होते ते दत्तू फडकर, जन्माने हेही कोल्हापूरचेच. डिसेंबरात नऊ, फेब्रुवारीत सहा. हंगामाला जणू अपुरेपणाची दृष्टच लागली होती.

आता मार्च. महाराष्ट्र आणि मुंबई यांचा उपांत्य सामना पुण्यात ५ मार्च १९४९ रोजी सुरू झाला. कोल्हापूर विलीन होऊन चार दिवस झाले होते. हा सामना सात दिवस चालला. आजच्या वाचकास हे खरे वाटणार नाही, म्हणून आकडे क्रमाने देतो. मुंबईचा पहिला डाव ६५१. महाराष्ट्राचा पहिला डाव ४०७. मुंबईचा दुसरा डाव ८ बाद ७१४, घोषित. महाराष्ट्राचा दुसरा डाव ६०४. बेरीज २३७६. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात याहून अधिक धावा जगात कोठेही, कधीही झालेल्या नाहीत.

सामन्यात नऊ शतके झाली. मुंबईकडून माधव मंत्री यांनी २०० केल्या. विजय मर्चंटचे बंधू उदय मर्चंट यांनी १४३ आणि १५६, तर फडकरांनी १३१ आणि १६० अशी दोन्ही डावांत शतके काढली. महिन्यापूर्वी सहा धावांनी हुकलेल्या विजयाचे दुःख त्यांनी बहुधा येथे हलके केले असावे. महाराष्ट्राकडून पनवेलचे मधुसूदन रेगे यांनी १३३ आणि १००, दातार यांनी १४३ आणि प्राध्यापक देवधरांचे चिरंजीव शरद देवधर यांनी १४६ धावा केल्या.

परंतु या आकड्यांमध्ये आम्हांस सर्वांत अधिक विचारात पाडतो तो वेगळाच आकडा. मुंबईच्या दोन डावांच्या धावा मिळवून पाहा: १३६५. पहिल्या डावात २४४ धावांची आघाडी मिळाल्यावर मुंबईने महाराष्ट्रास लगेच पुन्हा खेळावयास बोलावले नाही. स्वतःच फलंदाजी केली, आणि तीही थोडीथोडकी नव्हे. डिसेंबरात महाराष्ट्राने काठेवाडला ८२६ धावांमागे पळविले होते. मार्चमध्ये मुंबईने महाराष्ट्राला १३६५ धावांमागे पळविले. काठेवाडच्या तोंडी जी तक्रार होती, ती करावयास आता महाराष्ट्रास दीडपटीहून अधिक कारण होते. शेवटी समोर ठेवले गेले ते ९५९ धावांचे लक्ष्य. चौथ्या डावात एवढ्या धावा कोणी केल्या नव्हत्या, आणि आजवर कोणी केलेल्या नाहीत. हरणार हे मैदानावरील प्रत्येकास ठाऊक असले पाहिजे.

येथे आणखी एका सामन्याची आठवण होते. बरोबर दहा वर्षांपूर्वी, १९३९ च्या मार्चमध्ये, दक्षिण आफ्रिकेत डर्बन येथे इंग्लंडचा कसोटी सामना निकाल लागेपर्यंत खेळावयाचा, असे ठरले होते. इंग्लंडला ६९६ धावा हव्या होत्या. ५ बाद ६५४ झाल्या, बेचाळीसच उरल्या, आणि सामना तसाच सोडावा लागला; कारण इंग्लंडच्या खेळाडूंचे मायदेशी जाणारे जहाज सुटणार होते. तेव्हा मैदान सोडून जाण्याची कारणेही नाना परीची असतात. कोणाला जहाज गाठावयाचे असते, कोणाला अब्रू.

महाराष्ट्राच्या खेळाडूंना कोठेच जावयाचे नव्हते. ते पुण्यातच होते. ते खेळले. ६०४ धावा करून शेवटचा गडी बाद झाला तेव्हा ते ३५४ धावांनी हरले होते. डर्बनच्या त्या ६५४ सोडल्या तर चौथ्या डावात इतक्या धावा तोवर कोणी केल्या नव्हत्या, आणि हरलेल्या संघाने चौथ्या डावात केलेली याहून मोठी धावसंख्या आजही नाही. मुंबईने पुढे अंतिम सामन्यात बडोद्याचा ४६८ धावांनी पराभव करून करंडक नेला. त्या अंतिम सामन्याविषयी विशेष सांगण्यासारखे काही नाही. एकतर्फी सामने आठवणीत राहत नाहीत.

निंबाळकरांच्या ४४३ पेक्षा आम्हांस त्या ६०४ चे मोल अधिक वाटते, असे आम्ही वर्गात म्हणालो. तेव्हा लिंबायतच्याच त्या मुलाने हात वर केला आणि विचारले, “मग आपण त्या दिवशी का निघून आलो?”

हा प्रश्न कोणत्या दिवसाविषयी होता, ते सांगणे भाग आहे. मागील हिवाळ्यात आपल्या शाळेचा संघ वराछा भागातील एका शाळेशी खेळावयास गेला होता. आपला डाव ५८ धावांत आटोपला. समोरच्या मुलांनी एकही गडी न गमावता त्या पार केल्या, आणि ठरलेली षटके पुरी व्हावयाची म्हणून ते पुढे खेळत राहिले. त्यांतील बहुतेक मुले मूळची सौराष्ट्रातली. शंभर झाल्या, दीडशे झाल्या. आपली मुले चेंडू आणावयास रस्त्यापलीकडे धावू लागली. कोणीतरी म्हणाले की उजेड कमी झाला आहे. उजेड कमी झालेला नव्हता. साडेचार वाजले होते. संघाबरोबर आम्ही होतो. मुलांनी आमच्याकडे पाहिले आणि आम्ही मान डोलावली. बस येण्यास पाऊण तास अवकाश होता. तेवढा वेळ आम्ही सर्वजण थांब्यावर उभे होतो, आणि मैदानातून चेंडू टोलवल्याचे आवाज येत होते. ती मुले आपसांतच खेळत राहिली होती.

आम्ही त्या मुलास उत्तर दिले की चूक आमची होती. एवढेच दिले, अधिक काही सुचले नाही. मग फळ्यावरील दोन वाक्यांपैकी “भित्रे होते” हे वाक्य त्याने स्वतःच उठून पुसले. दुसरे वाक्य तास संपेपर्यंत तसेच राहिले, आणि पुढच्या तासाच्या भूगोलाच्या शिक्षकांनी ते कुतूहलाने वाचले असे कळते.

मुख्याध्यापकांच्या अनुमतीने त्या शाळेस पत्र पाठविले आहे. मागील सामना जेथे सोडला तेथून तो पुढे चालू करता येणार नाही. तसा नियम नाही. म्हणून नवा सामना मागितला आहे. त्यांचे उत्तर आले, मोडक्या मराठीत, बहुधा मुलांनीच लिहिलेले. तारीख दिवाळीनंतरची आहे. षटके मागच्याइतकीच, आणि मैदानही तेच.